चिखल्याचा चिखल राहू द्या

पंचांगाप्रमाणे वसंत चैत्रात सुरू होतो. पक्षी पाहणाऱ्यांचा वसंत मात्र त्याआधी महिना-दीड महिना, माघ उतरणीला लागला की सुरू झालेला असतो. गोधडी अजून माळ्यावर गेलेली नसते, पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता तो काढून हातात धरावा लागतो. पाने झडून उघड्या पडलेल्या काटेसावरीवर लाल फुले उमलतात, मग पांगारा पेटतो आणि मागोमाग माळावरचा पळस. त्या फुलांवर भोरड्यांची टोळकी कलकलाट करीत उतरतात. कुठूनतरी तांबटाची टुकटुक सुरू होते, आणि कोकीळही दबकत दबकत एखादी तान घेऊन पाहतो.

या दिवसांत एकाच आकाशाखाली दोन प्रपंच चाललेले असतात. एक घर मांडणाऱ्यांचा आणि दुसरा घर आवरणाऱ्यांचा. टिटवी उघड्या माळावर अंड्यांसाठी खड्यांची जागा हेरू लागते. नदी सुरय वाळूच्या बेटांवर घिरट्या घालतात. उलट, दिवाळीच्या आगेमागे हिमालयापलीकडून आलेले पाहुणे परतीच्या तयारीला लागतात. थंडीभर मळकट दिसणाऱ्या पिवळ्या धोब्याच्या अंगावर हळदीचा रंग चढू लागतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पांढरे पडलेले डोके पुन्हा चॉकलेटी होऊ लागते. लग्नाचे कपडे इथे शिवून घ्यायचे आणि लग्न लागायचे ते हजारो किलोमीटर दूर, असा सगळा मामला.

आपल्याकडे माहेरवाशीण सासरी निघाली की आई तिच्यासोबत शिदोरी बांधून देते. या पाहुण्यांनाही शिदोरी लागते. ती त्यांना पिशवीत नेता येत नाही, अंगावर न्यावी लागते, चरबीच्या रूपाने. आणि ती बांधायचे दिवस नेमके हेच, माघाच्या उत्तरार्धापासून चैत्राच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे. पाणथळीच्या पक्ष्यांची शिदोरी असते चिखलात. आज मला लिहायचे आहे ते या चिखलाबद्दल. कारण गावोगावच्या नद्यांचे आणि तळ्यांचे काठ आपण ज्या तऱ्हेने ‘सुंदर’ करीत सुटलो आहोत, त्यात पहिला बळी जातो तो त्याचाच.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, हडपसर मागे टाकले, की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट लागते. मुळा-मुठा इथवर येते ती साऱ्या पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन. पुढे ती भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. कवडीला नदीवर जुना बंधारा आहे. पाणी खडकांवरून पसरत जाते, कडेला उथळ डबकी आणि चिखलाचे पट्टे राहतात. वास येतो, फेस येतो, झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबकळत असतात. पहिल्यांदा येणारा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि आपल्याला इथे का आणले म्हणून सोबत्याकडे पाहतो. पाच-दहा मिनिटांनी तो रुमाल खिशात जातो, कारण समोर बसलेल्या पंगतीवरून नजर काढवत नाही.

फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी तिथे केशरी अंगाच्या चक्रवाकांच्या जोड्या खडकावर बसलेल्या दिसतात. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाचे दुःख ज्यांच्या पदरी बांधले, तेच हे चक्रवाक. इथला त्यांचा संसार तात्पुरता. अंडी घालायला ते लडाखसारख्या उंच, थंड प्रदेशात जातात. त्यांच्या पलीकडे हळदी-कुंकू बदके, चित्रबलाक, शराटी, खंड्या, नदी सुरय. आणि काठाकाठाने सतत शेपटी हलवत फिरणारे धोबी. उन्हे वर येईपर्यंत वही भरते.

या पक्ष्यांची मराठी नावे कधी सावकाश वाचून पाहा. बाराखडी गिरवावी तशी मुलांकडून म्हणून घ्यावीत इतकी ती छान आहेत. पसरट चोचीचे बदक तो थापट्या. ज्याच्या चोचीचे टोक कालथ्यासारखे पसरट तो चमचा. वाकड्या चोचीने गाळ उकरणारा तो कुदळ्या. उंच काटक्यांसारख्या गुलाबी पायांचा तो शेकाट्या. आणि ओल्या काठावर दोन पावले धावायचे, थांबायचे, टिपायचे, पुन्हा धावायचे, असा ज्याचा दिवस जातो तो चिखल्या. नावे ठेवणाऱ्यांनी हे पक्षी पुस्तकात पाहिले नव्हते, जेवताना पाहिले होते. गवंड्याच्या आणि स्वयंपाकघराच्या अवजारांची नावे उगाच दिलेली नाहीत. प्रत्येकाची चोच हे एक अवजार आहे आणि ते एका ठरावीक खोलीवरच चालते.

काठाची गंमत इथे आहे. ओल्या मातीच्या वरच्या थरातले किडे चिखल्या टिपतो. दोन बोटे पाण्यात तुतारी आणि छोटा टिलवा. त्याहून खोल शेकाट्या, कारण त्याचे पाय लांब. पाणलाव्याची लांब चोच चिखलात रुतते आणि तिच्या संवेदनशील टोकाला न दिसणारी अळीही लागते. चमचा गुडघाभर पाण्यात मान डावी-उजवीकडे फिरवत चालतो. थापट्या पोहत पोहत पाणी चोचीत घेतो आणि चोचीच्या कडेच्या कंगव्यासारख्या दातऱ्यांतून गाळून घेतो. उताराच्या अशा काठावर दहा-बारा जातींचे पक्षी एकमेकांचा घास न हिसकावता जेवू शकतात. मात्र तो उतार हवा. काठ सरळ तुटलेला असेल आणि पाणी एकदम कमरेइतके असेल, तर पाणकावळ्याचे भागते, बाकीच्यांची पंगत उठते.

आता शिदोरीचा हिशेब. छोटा टिलवा हा पक्षी वजनाला जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे पोस्टाच्या एखाद्या जाडसर पाकिटाएवढा. तो जातो सैबेरियाच्या अगदी उत्तरेला, जिथे झाडेही उगवत नाहीत. लांबच्या प्रवासाला निघणारे काही पाणथळी पक्षी निघण्याआधी आपले वजन दीडपट करतात, काही तर दुपटीजवळ नेतात. उजनीवर हिवाळ्यात काळ्या शेपटीचा पाणटिवळा दिसतो. त्याच्याच एका भावबंदाने, पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याने, ऑक्टोबर २०२२मध्ये अलास्काहून उड्डाण केले आणि तो ११ दिवसांनी टास्मानियाला उतरला. अंतर १३,५६० किलोमीटर. वाटेत ना अन्न, ना पाणी, ना विश्रांती. पाठीवर बसवलेल्या छोट्या यंत्रामुळे हे कळले. तो पक्षी अवघा पाच महिन्यांचा होता. अंगात साठवलेली चरबी हेच त्याचे सारे भांडवल. निघताना ते दोन-तीन ग्रॅमने कमी पडले असते तर काय झाले असते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आपले पाहुणे एवढी लांब उडी एका दमात मारत नाहीत. त्यांचा मार्ग मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जातो. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात ३० देश येतात. वाटेत थांबत, खात, पुन्हा उडत ते जातात. म्हणजेच महाराष्ट्रातले एखादे गावतळे हे या लांबच्या वाटेवरचे एक एस. टी. स्थानक आहे. कॅन्टीन बंद असलेले एखादे स्थानक चालून जाते. ओळीने सगळीच बंद असतील तर प्रवाशाने काय करावे?

आमच्या उपनगरात एक तलाव आहे. मी त्याच्या काठी वीसेक वर्षे जातो. तो काही नावाजलेला नाही. म्हशी डुंबायच्या, कपडे धुतले जायचे, गणपती बुडवले जायचे आणि हिवाळ्यात पक्षी यायचे. काही वर्षांपूर्वी त्याचे सुशोभीकरण झाले. काठाने सिमेंटची भिंत उठली, फरशीचा मार्ग आला, रंगीत दिवे आले, मध्यभागी कारंजे आले. कहर म्हणजे प्रवेशद्वारापाशी सिमेंटचे दोन बगळे उभे राहिले. उद्घाटनाच्या दिवशी खरा बगळा एकही नव्हता, याची कोणी दखल घेतली नाही.

पण गंमत पुढेच आहे. तलावाच्या चारपैकी तीनच बाजूंना भिंत झाली. चौथ्या बाजूला, जिथे ओढा येऊन मिळतो, तिथे जागेचा काही वाद होता, म्हणून काम थांबले. ते आजतागायत थांबलेले आहे. त्यामुळे आम्हाला न मागता एक प्रयोगशाळा मिळाली. पाणी तेच, हवा तीच, पाहुणे तेच. भिंतीच्या तीन बाजूंना आज पाणकावळे, एखादा रातबगळा आणि भिंतीवर टाकलेले दाणे टिपणारी कबुतरे. चौथ्या बाजूच्या दीडशे-दोनशे पावलांच्या चिखलात शेकाट्या, तुताऱ्या, चिखल्या, धोबी, वंचक, शराटी, आणि नशीब असेल तर पाणलावाही. गेल्या फाल्गुनात मी एका सकाळी दोन्हीकडचे मोजले. भिंतीच्या तिन्ही बाजू मिळून पाच जाती. चिखलाच्या बाजूला एकवीस. याहून सोपा पुरावा मला तरी देता येणार नाही.

सुशोभीकरणाच्या वेळी झालेल्या बैठकीत मी ही गोष्ट काढली होती. तिथल्या एका साहेबांनी अगदी सौजन्याने उत्तर दिले, “काका, पक्ष्यांना पंख असतात. ते दुसरीकडे जातील.” सगळे हसले. त्यांचे म्हणणे वरवर पाहता बरोबरही आहे. फक्त हे वाक्य दुसऱ्या गावच्या साहेबांनी, तिसऱ्या गावच्या नगरसेवकांनी आणि चौथ्या गावच्या ठेकेदारांनीही म्हटलेले असते. सगळेच ‘दुसरीकडे’ म्हणतात, तेव्हा दुसरीकडे नावाचे गाव नकाशात उरत नाही.

सुशोभीकरण मागणाऱ्यांची बाजू मी समजू शकतो. शहरात म्हाताऱ्या माणसांना पाय मोकळे करायला जागा नाही. बायकांना संध्याकाळी उजेडात, निर्धास्तपणे चालता यावे ही मागणी रास्त आहे. मोकळा काठ दिसला की राडारोड्याचे डंपर रिकामे होतात आणि वर्षभरात तिथे पत्र्याची शेड उभी राहते, हेही खोटे नाही. भिंत घातली की निदान तलावाची हद्द ठरते. शिवाय डासांची तक्रार असतेच. ज्यांच्या खिडकीखाली ते पाणी आहे त्यांना पक्ष्यांचे कौतुक सांगायला मी धजत नाही.

परंतु या प्रत्येक अडचणीला चिखल मारणे हे उत्तर नाही. हद्द ठरवायची तर पाण्यापासून पन्नास पावले मागे, जमिनीवर जाळीचे कुंपण घालता येते. फिरायचा मार्ग तिथेच, झाडांच्या सावलीत नेता येतो. सगळ्या बाजू माणसांनी घ्यायच्या नाहीत. निम्मा काठ तरी मोकळा, उताराचा ठेवायचा, आणि त्या बाजूला दिवे लावायचे नाहीत, कारण यांतले कित्येक पक्षी रात्रीही चरतात. डास आणि दुर्गंधी येते ती चिखलामुळे नव्हे, त्यात सोडलेल्या मैल्यामुळे. तेव्हा खर्च करायचा तर आधी सांडपाणी शुद्ध करण्यावर करावा. भिंत बांधून मैला तसाच सोडला तर वास तोच राहतो, फक्त तो घ्यायला फरशीवरून जाता येते.

इथे एक खुलासा करायला हवा. कवडीला पक्षी आहेत म्हणजे घाण चांगली, असा अर्थ कोणी काढू नये. शेकाट्याला मैल्याच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या चालतात, म्हणून अशा ठिकाणी त्यांची झुंबड उडते. शेकाट्यांची गर्दी हे नदी निरोगी असल्याचे लक्षण नव्हे, उलटच आहे. स्वच्छ पाण्यातला मासा लागणारे, वाळूत घरटे करणारे पक्षी अशा नदीवरून मुकाट्याने कमी होत जातात. घाण निराळी आणि चिखल निराळा. आईने भाजी निवडताना माती धुऊन टाकावी आणि भाजी ठेवावी, एवढा विवेक आपण काठाच्या बाबतीत दाखवायला हवा. आपण आजवर बहुतेक ठिकाणी भाजी टाकून माती ठेवली आहे.

गाळ म्हटले की आपल्याला तो फक्त उपसायचा असतो. नाशिक जिल्ह्यातले नांदूर-मध्यमेश्वर पाहा. गोदावरीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या त्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि लव्हाळी तयार झाली, आणि पक्ष्यांनी ती जागा आपली मानली. तेच पुढे अभयारण्य झाले आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. इंजिनिअरच्या हिशेबात जे नुकसान, ते पक्ष्यांच्या हिशेबात घबाड. गाळ उपसूच नये असे मी म्हणत नाही. राज्यात २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तळ्यातला गाळ शेतात जातो, पाणीसाठा वाढतो, हे चांगलेच आहे. म्हणणे एवढेच, की पोकलेनने हौदासारखे उभ्या कडांचे खड्डे करू नयेत. मध्यभागी खोल करा, कडेला ताटासारखा उतार ठेवा.

वेळेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे सरकारी पैसा खर्च व्हायचा महिना म्हणजे मार्च. ३१ तारखेच्या आत बिले निघायला हवीत, म्हणून जानेवारीपर्यंत निवांत असलेली यंत्रे फेब्रुवारीच्या मध्यावर तळ्याकाठी घरघरू लागतात. पक्ष्यांचा शिदोरी बांधायचा महिनाही हाच. एका बाजूने हिशेबाचे वर्ष संपते आहे म्हणून घाई, दुसऱ्या बाजूने प्रवासाचे दिवस जवळ आले म्हणून घाई. यात कोणाची घाई ऐकली जाते हे वेगळे सांगायला नको. एवढे एक पथ्य जरी पाळले, की काठालगतची कामे चैत्र उजाडल्यावर, पाहुणे गेल्यावर काढायची, तरी एक पैसा जास्त न लागता मोठे काम होईल. अर्थात तेव्हा नदीच्या बेटांवर सुरयांची अंडी असतात. ती बेटे सोडून.

कायदा नाही का, असे कोणी विचारील. पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत. परंतु पाणथळ कशाला म्हणायचे याची व्याख्या करताना त्यांनी नद्यांची पात्रे वगळली, भातखाचरे वगळली, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले. आता महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे नैसर्गिक सरोवरे किती? उजनी, जायकवाडी, मायणी अशी पक्ष्यांची जी जी नावाजलेली ठिकाणे, ती बहुतेक माणसांनी बांधलेल्या पाण्याची. नांदूर-मध्यमेश्वर किंवा जायकवाडीसारख्यांना अभयारण्याचे छत्र मिळाले म्हणून बरे. ज्यांना ते नाही, त्या शेकडो तळ्यांना या नियमांचा आधार धरणे अवघड. कवडीची नदी ही तर नदीच. तेव्हा तुमच्या-माझ्या तळ्याला कायदा वाचवील या भरवशावर राहता येत नाही. तिथे लक्ष ठेवणारे शेजारीच हवेत.

पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर काठांच्या सुधारणेचा प्रकल्प २०२२ साली सुरू झाला, आणि त्यावरून शहरात दोन तट पडले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण कोणत्याही गावात असा आराखडा भिंतीवर टांगला गेला, की सामान्य नागरिकाने बोट ठेवून एक प्रश्न विचारावा: यात पाणी आणि जमीन हळूहळू भेटतात अशी जागा कुठे आहे? आराखड्यात बाकांचा रंगसुद्धा दाखवलेला असतो. हा उतार मात्र बहुधा दाखवलेला नसतो.

आपण जे हौसेने पक्षी पाहायला जातो, त्यांनीही थोडे आरशात पाहायला हवे. पूर्वी एका दुर्बिणीवर चार-पाच जण भागवायचे. आता प्रत्येकाच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा असतो, आणि उडणारा पक्षी हवा म्हणून बसलेल्याला उठवले जाते. कुणी खडा मारतो, कुणी टाळी वाजवतो, कुणी कुरवांनी नावेभोवती गोळा व्हावे म्हणून शेव-गाठ्या उधळतो. शिदोरीचा हिशेब ध्यानात ठेवला तर यातले वाईट काय ते लगेच कळते. थवा एकदा उठवला की त्याने तासाभरात जमवलेले काही मिनिटांत खर्ची पडते. दिवसातून दहा गाड्या आल्या आणि दहांनी एकेकदा उठवले, तर संध्याकाळी त्याच्या हिशेबात काय उरले? आणि तेलातली शेव ही काही सैबेरियाच्या वाटेवरची शिदोरी नव्हे. बसलेल्या पक्ष्याकडे लांबून बघत बसण्यात जे सुख आहे, ते नुसता फोटो घेऊन परतणाऱ्याला मिळत नाही, असे मला तरी वाटते.

मग करायचे काय? माझी सूचना साधी आहे आणि तिला खर्च नाही. आपल्या घरापासून जवळचे एक पाणी निवडावे. तळे, बंधारा, ओढा, काहीही. माघ ते चैत्र दर रविवारी, शक्यतो एकाच वेळी, तासभर तिथे जावे. मुलांना न्यावे, आजोबांना न्यावे. सोबत एक वही न्यावी. तारीख, वेळ, कोणते पक्षी, साधारण किती, आणि काठावर काय चालले आहे, एवढे लिहावे. नाव येत नसेल तर ‘लांब गुलाबी पायांचा, पाठ काळी’ असे लिहावे; नाव पुढच्या आठवड्यात मिळते. मुलांना यात एक खेळ लावून देता येतो. कोणता पाहुणा शेवटचा कोणत्या तारखेला दिसला? पहिला आलेला सगळ्यांच्या लक्षात राहतो. शेवटचा गेलेला लक्षात राहायला वही लागते, कारण तो शेवटचा आहे हे तो जाताना आपल्याला ठाऊक नसते.

अशा वह्यांना कोण विचारतो, असे वाटेल. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. ती करणारे बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोक. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता. तो उभा राहिला सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर. दीर्घकाळचा कल सांगता येईल इतकी माहिती ३३८ जातींची मिळाली, आणि त्यांतल्या ६० टक्के जाती घटत चालल्याचे दिसले. सहज दिसतो म्हणून ज्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा पाहत नाही, तो थापट्याही त्या घटणाऱ्यांत आहे. दुर्मिळ पक्ष्याची काळजी करणारे पुष्कळ असतात. नेहमीचा पक्षी कमी होतो तेव्हा ते कळते फक्त नेहमी जाणाऱ्याला.

आणि वहीचा दुसरा उपयोग बैठकीत होतो. “मला वाटते इथे पक्षी येतात,” असे म्हणणाऱ्या माणसाला हसून गप्प करता येते. “पाच वर्षांच्या नोंदी आहेत, भिंतीच्या बाजूला पाच जाती, उताराच्या बाजूला एकवीस,” असे म्हणणाऱ्याला निदान एक चहा विचारावा लागतो. सोसायटीची चार माणसे, शाळेतले दोन शिक्षक आणि सातवी-आठवीतली दहा मुले अशा नोंदी घेऊन गेली, तर आराखड्यातली एक रेघ पन्नास पावले मागे सरकू शकते. यापेक्षा मोठी अपेक्षा मी ठेवीत नाही. पण हीसुद्धा लहान नाही.

गुढीपाडव्यापर्यंत पाहुण्यांपैकी बहुतेक निघून गेलेले असतील. त्याआधी हातात काही रविवार आहेत. आपल्या भागातल्या तळ्याला एक चक्कर मारा, आणि त्याच्या चार बाजूंपैकी कोणती अजून उताराची आहे ते पाहून ठेवा. मग नगरसेवकांना, ग्रामसेवकांना, जो कोणी भेटेल त्याला एवढेच सांगा की काय करायचे ते करा, पण ही एक बाजू आहे तशी राहू द्या.